थर्सडे बँडचे अल्बम: तुमचा कुठला आणि का?

कातळसडा (रत्नागिरी)

मंडळी, हा धागा काढायचं कधीपासून मनात होतं. पोस्ट-हार्डकोअर (पंकमधून आलेलं, गाणं आणि ओरडणं मिसळलेलं रॉक) ऐकणारे आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्ग-रायगडात थोडेच असतील, पण आहेत हे नक्की, मागे माय केमिकल रोमान्स या बँडचा विषय निघाला तेव्हा बऱ्याच जणांनी थर्सडेचं नाव घेतलं होतं. आणि ते बरोबरच आहे, कारण माय केमिकलचा 2002 चा पहिला अल्बम प्रोड्यूस केला तो थर्सडेचा गायक जेफ रिकलीनेच.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात न्यू ब्रन्सविक नावाचं गाव आहे, तिथे 1997 मध्ये बँड सुरू झाला. सुरुवातीचे शो घरांच्या तळघरात. जेफ रिकली गातो, टॉम कीली आणि स्टीव्ह पेडुला गिटारवर, टिम पेन बेसवर, टकर रूल ड्रमवर, आणि नंतर अँड्र्यू एव्हर्डिंग कीबोर्डला आला. 1999 ला 'वेटिंग', 2001 ला 'फुल कोलॅप्स', 2003 ला 'वॉर ऑल द टाइम', 2006 ला 'अ सिटी बाय द लाइट डिव्हायडेड', 2009 ला 'कॉमन एक्झिस्टन्स' आणि 2011 ला 'नो डेवोल्युसिऑन'. त्याच वर्षी बँड थांबला, 2016 ला पुन्हा स्टेजवर आला.

आता मुद्द्यावर येतो. जिथे जाल तिथे एकच ऐकायला मिळतं, की 'फुल कोलॅप्स' म्हणजे कळस, 'वॉर ऑल द टाइम' त्याच्या खालोखाल आणि मग उतरती कळा. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते हा बँड शेवटपर्यंत चढतच गेला आणि 'नो डेवोल्युसिऑन' हा त्यांचा सगळ्यात मोठा अल्बम आहे. का ते सांगतो.

इमो (याच घराण्यातलं भावनाप्रधान रॉक) म्हटलं की लोकांना वाटतं पोरगी सोडून गेली म्हणून रडणारी गाणी. त्या काळात तशी ढिगाने निघाली, खोटं कशाला बोला. पण थर्सडे पहिल्यापासून दुसऱ्याच्या दुःखावर ओरडणारा बँड आहे. अपघातात गेलेले मित्र, 1998 मध्ये वायोमिंगला समलिंगी म्हणून ज्याला मारून टाकलं तो मॅथ्यू शेपर्ड, कामावर जाता जाता आतून संपत चाललेली माणसं, यांच्यावर गाणी आहेत. आणि मग 'नो डेवोल्युसिऑन'ला आल्यावर तोच माणूस पहिल्यांदा स्वतःच्या घरात बघतो, नात्यात, निष्ठेत, काय उरलं काय गेलं ते, आणि तिथे तो ओरडतच नाही. जवळजवळ अख्खा अल्बम तो गातो. दहा वर्षं दुसऱ्यासाठी आवाज फाडलेल्या माणसाने स्वतःवर वेळ आल्यावर आवाज खाली आणला, मला हे फार मोठं वाटतं.

मी ही गाणी ऐकतो ती मुख्यतः आंब्याच्या सीझनला. आमच्याकडे एप्रिलमध्ये रात्री उशिरापर्यंत शेडमध्ये पेट्या भरायचं काम चालतं, खाली पेंढा, त्यावर फळांचा थर, परत पेंढा, डाग असलेलं फळ बाजूला, देठाकडे चीक दिसला की पुसायचा. हात चालू असतात आणि डोकं मोकळं, अशा वेळी अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला जातो, मध्ये कोणी गाणं बदलत नाही कारण हाताला चीक लागलेला असतो, फोनला हात कोण लावणार. त्यामुळे मला अल्बम हा अल्बम म्हणूनच कळतो, सुटं गाणं म्हणून नाही. आणि 'नो डेवोल्युसिऑन' त्या कसोटीला जेवढा उतरतो तेवढा दुसरा कुठला नाही. 'फास्ट टू द एंड'चा तो बेस सुरू होतो तिथपासून 'स्टे ट्रू'च्या शेवटापर्यंत एक गाणं काढलं तर बाकीचं हलतं.

तर तुमचं मत टाका. फक्त नाव टाकून जाऊ नका, का ते लिहा.

---

चिपळूणचा_तो

धागा एक नंबर, पण मत अजिबात मान्य नाही भावा.

'फुल कोलॅप्स' हाच. आणि मी जुन्या आठवणींमुळे बोलत नाहीये, मी हा अल्बम बराच उशिरा ऐकला, कॉलेज हॉस्टेलला एका पोराच्या हार्ड डिस्कवर 'इमो' नावाच्या फोल्डरमध्ये पडला होता. 'अंडरस्टँडिंग इन अ कार क्रॅश' लावलं आणि पहिल्या गिटारलाच उठून बसलो. त्या गाण्यात दोन आवाज आहेत बघ, एक गाणारा आणि एक मागून ओरडणारा, आणि ते दोन्ही एकाच वेळी वेगवेगळं बोलतात. माणूस खरंच हादरलेला असतो तेव्हा असंच होतं ना, तोंडाने एक बोलत असतो आणि आत दुसरंच चालू असतं. हे 2001 मध्ये यांनी जसं केलं तसं नंतर शेकडो बँडनी केलं, पण बाकीच्यांकडे तो एक फॉर्म्युला झाला, कडव्याला ओरडा, ध्रुवपदाला गोड गा. थर्सडेकडे फॉर्म्युला नाही, ओरडणं कधी येईल सांगता येत नाही.

आणि रिकलीचा आवाज त्या अल्बमवर नीट सुरातही नाही सगळीकडे. काही ठिकाणी घसरतो. लोक त्याला नावं ठेवतात, मला तेच पाहिजे असतं. सुरात राहायची शुद्ध ज्याला आहे तो अजून पूर्ण कोसळलेला नाही. पुढच्या अल्बमांत तो गायला शिकला, चांगलं गायला शिकला, पण ते कोसळणं परत आलं नाही.

माझा एक मित्र हायवेला गेला. बाइकवर होता. नाव-गाव लिहीत नाही, घरचे लोक वाचत असतील. तो गेल्यावर आम्ही बाकीचे मित्र एकमेकांशी त्याबद्दल धड बोललोच नाही, कार्याला गेलो, भांडी उचलली, पाहुण्यांना स्टँडवर सोडलं, पुरुष माणसं असंच करतात आपल्याकडे. मग हे गाणं ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी माझ्या जागेवर बसून बोललं. ते गाणं मित्रांच्या अपघातावरच आहे हे मला नंतर कळलं. त्यामुळे तू 'नो डेवोल्युसिऑन' कितीही चांगला म्हण, मी तो ऐकतो, मान देतो, पण माझा अल्बम हाच.

'क्रॉस आउट द आइज', 'पॅरिस इन फ्लेम्स', 'स्टँडिंग ऑन द एज ऑफ समर', सांगा यातलं काढण्यासारखं काय आहे?

---

खाडीपलीकडची (दाभोळ, सध्या डोंबिवली)

तुम्ही दोघं टोकाला जाऊन बसलात आणि मधला सोडला. 'वॉर ऑल द टाइम' बद्दल कोणी बोलणार आहे की नाही?

मी मुंबईत नोकरी करते, म्हणजे चाकरमानीच. माझे आजोबा गिरणीत होते, बाबा एका कंपनीत स्टोअरला, आता मी. तिसरी पिढी. सकाळची फास्ट लोकल, दारात एका पायावर उभं राहायचं, संध्याकाळी परत तेच, आणि गणपतीला न्यायचं सामान जूनपासून साठवायचं. पहिल्यांदा 'फॉर द वर्कफोर्स, ड्राउनिंग' ऐकलं ते अशाच गाडीत. अल्बमचं पहिलंच गाणं आहे, सुरुवातच मारामारीसारखी, आणि ते कशावर आहे तर ऑफिसला जाणाऱ्या माणसांवर, जी रोज थोडी थोडी बुडतात. हे कोणी न्यू जर्सीतल्या पोरांनी लिहिलंय यावर विश्वास बसेना.

मग नकाशा बघितला आणि उलगडलं. न्यू ब्रन्सविकहून न्यूयॉर्कला लोक ट्रेनने कामाला जातात, सकाळी जायचं, रात्री परतायचं. अख्खं जर्सी हे मोठ्या शहराच्या शेजारी राहणारं राज्य, माणसं पुरवणारं. शहराचा उजेड तिथून दिसतो पण शहर आपलं नाही. कोकणातल्या माणसाला ही भावना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आपल्या गावातली अर्धी घरं वर्षभर बंद आणि कुलपाची चावी शेजारच्या काकूंकडे, ती कशामुळे?

अल्बम सप्टेंबर 2003 मध्ये आला, इराकचं युद्ध सुरू होऊन काही महिने झालेले, त्यामुळे नाव वाचून सगळ्यांना वाटतं हा युद्धाचा अल्बम. मला तो तसा वाटत नाही. यातलं युद्ध घरातलं, ऑफिसातलं, प्रेमातलं आहे. 'सिग्नल्स ओव्हर द एअर' ऐका, बाईने असं असावं पुरुषाने तसं असावं या ओझ्याबद्दल आहे, आणि हे त्या काळात जेव्हा या प्रकारच्या संगीतात बाई म्हणजे फक्त सोडून गेलेली, दगा दिलेली अशीच होती. मी बाई म्हणून हे संगीत ऐकताना अनेक बँड बंद केले आहेत, गाणी चांगली असूनही. त्या गाण्यांत आपण फक्त कोणाच्या तरी रागाचं कारण असतो. थर्सडे ऐकताना मला कधी तसं वाटलं नाही. माझ्यासाठी ही बाकी सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट आहे.

आणि मध्ये सगळा गोंगाट थांबवून पियानोवरचं 'धिस साँग ब्रॉट टू यू बाय अ फॉलिंग बॉम्ब' येतं. तिथे गाडी दिवा स्टेशनला थांबली असेल तर मी खाली उतरणाऱ्यांना वाट द्यायलाही विसरते.

---

पखवाजी (कुडाळ)

कातळसडा भाऊ, धागो बरो काढलास. मी भजनात पखवाज वाजवतंय, डबलबारीक (दोन बुवांचो भजनाचो सामनो) पण बसतंय, आणि माका ह्यो बँड आवडता तो टकर रूलच्या ड्रमसाठी. तेच्याबद्दल कोण बोलणाच नाय म्हणान लिवतंय.

डबलबारीत बुवा रूपावली, अभंग, गौळण करत गजराक येता तेव्हा लय चढवची लागता, पण एकदम चढवलास तर बुवाचो आवाज बुडता. थोडी थोडी चढवूची, बुवाक कळता नये की आपणाक कोणी ढकलल्यान. टकर रूल ताच करता. 'क्रॉस आउट द आइज' आयका, गायक ओरडाक लागता तेच्या आधीच ड्रम तेका थय नेवन सोडता. पण स्वतः पुढे येणा नाय. दाखवण्यासाठी एक ठोको जास्त मारणा नाय.

आता माझो राग. 2006 पासून तीनही अल्बम डेव्ह फ्रिडमनान प्रोड्यूस केलेले, फ्लेमिंग लिप्स आणि मर्क्युरी रेव्ह ह्या बँडवालो तो. माणूस मोठो आसा, वाद नाय. पण तेणा ड्रमचो आवाज मुद्दाम फाटको ठेवल्यान. 'अ सिटी बाय द लाइट डिव्हायडेड'वर सिम्बल आणि कीबोर्ड एकमेकांच्या अंगावर येतत, मधी गिटार खय गेली ती शोधूची लागता. 'काउंटिंग 5-4-3-2-1' काय गाणा आसा, आणि ताच हेडफोनवर आयकलास तर काना दुखतत. वाजवणाऱ्याचो हात आयकाक येवक व्हयो की नको?

गाणी मात्र तेच अल्बमवरची माका सगळ्यात जास्त आवडतत. 'अॅट धिस व्हेलॉसिटी', 'रनिंग फ्रॉम द रेन', आणि शेवटचा लांबलचक 'ऑटम लीव्ज रिव्हिजिटेड'. तेव्हा माझा मत 'अ सिटी', पण मिक्स दुसऱ्या कोणाकडसून करून घेतल्यानी असता तर.

---

कातळसडा

पखवाजी भाऊ, ड्रमबद्दल लिहिलंत ते वाचून आता परत सगळं ऐकावं लागणार, मी कायम आवाज आणि गिटारच्या मागे असतो.

फ्रिडमनबद्दल मात्र थोडं भांडतो. 'अ सिटी'वर तो गचडा होतो हे मान्य, तिथे दोन्ही पक्ष एकमेकांना नवीन होते हे ऐकू येतं. पण तीच पद्धत 'नो डेवोल्युसिऑन'वर कशी बसली बघा. फाटका ड्रम, पण बाकी सगळं मागे नेलंय, गिटारी कापून टाकत नाहीत, पसरतात, कीबोर्ड पूर्ण खोली भरतो आणि त्या मधोमध रिकलीचा आवाज शांत. 'अ डार्कर फॉरेस्ट' लावा, मोठ्या स्पीकरवर लावा. किंवा 'एम्प्टी ग्लास', त्यात तर जवळपास काहीच नाही, एक माणूस आणि थोडासा सूर. जो बँड दहा वर्षं सगळं एकाच वेळी वाजवत होता त्याला काय वाजवायचं नाही हे कळलं.

'टर्नपाइक डिव्हाइड्स' हे शेवटून दुसरं गाणं, ते आपल्या खाडीपलीकडच्या ताईंच्या मुद्द्याशी जोडा. जर्सीचा टर्नपाइक म्हणजे त्यांचा हायवे, अख्खं राज्य चिरत जाणारा. आणि हे गाणं त्या अल्बमवरचं जुन्या थर्सडेच्या सगळ्यात जवळचं, वेगवान, चिडलेलं. म्हणजे ओरडणं यांच्यातून गेलं नव्हतं, त्यांनी ते बाजूला ठेवलं होतं. चिपळूणकर भाऊ, तुमच्या मित्राबद्दल वाचलं. त्यावर वाद नाही घालणार. पण 'ते कोसळणं परत आलं नाही' हे तुमचं वाक्य मला खुपतंय. माणूस एकदा कोसळतो, मग त्याला त्याच्यासकट जगावं लागतं पुढची वीस-तीस वर्षं. ते जगणं कोणी गायचं? कोसळण्याची गाणी खूप आहेत.

---

चिपळूणचा_तो

मान्य रे, जगण्याची गाणी कमी आहेत. पण मला त्या वेळी ती नको होती.

आणि एक गोष्ट तू धरलीच नाहीस, 'फुल कोलॅप्स' करताना ही पोरं विशीत होती. 2011 ला तिशी ओलांडलेली. तू मला म्हणतोयस की तिशीतला शहाणपणा विशीतल्या आकांतापेक्षा मोठा. मला तसं काही वाटत नाही. 2021 च्या जुलैमध्ये पुराचं पाणी आमच्या पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत आलं तेव्हा कोणी शहाणपणाने बोलत नव्हतं, सगळे आरडत होते, एकमेकांची नावं घेऊन, गच्चीवरून गच्चीवर. त्या आरडण्यालाही किंमत आहे. कोण कुठे आहे ते तेवढ्यावरच कळत होतं.

---

तुतारीचा_प्रवासी

मध्येच घुसतो. 'कॉमन एक्झिस्टन्स' कोणीच घेत नाही, नेहमीसारखं. एपिटाफ या रेकॉर्ड कंपनीकडून आलेला त्यांचा पहिला अल्बम. 'रिससिटेशन ऑफ द डेड' ने सुरू होतो आणि 'फ्रेंड्स इन द आर्म्ड फोर्सेस' ला माझा घसा दाटतो, माझा सख्खा मावसभाऊ फौजेत आहे. युद्धाला विरोध आणि जाणाऱ्या मित्राबद्दल माया या दोन्ही गोष्टी एका गाण्यात धरणं सोपं नाही, लोक एकच बाजू पकडतात. 'अॅज ही क्लाइम्ब्ड द डार्क माउंटन' तर आधी जपानच्या एन्व्ही बँडबरोबरच्या 2008 च्या स्प्लिटवर (दोन बँडची मिळून एक रेकॉर्ड) आलं होतं, तो स्प्लिट मिळवून ऐका, एन्व्हीची बाजू पण जबरदस्त आहे.

बाकी कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना एक सल्ला, गाणी डाउनलोड करूनच बसा. करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, रेंज जाते ती जाते आणि गाणं नेमकं चढत असताना तुटतं.

---

निवृत्त_मास्तर (गुहागर)

नमस्कार बाळांनो. मी या विषयातला नाही. माझा धाकटा मुलगा अकरावीला आहे, तो हा बँड ऐकतो म्हणून नाव शोधता शोधता इथे आलो. खरं सांगायचं तर काळजीने आलो. दार बंद करून ऐकतो आणि आतून माणूस किंचाळल्यासारखा आवाज येतो. आमच्या घरात नाट्यगीत, भजन, भावगीत ऐकणारी माणसं. तो दुःखी आहे का, की हे ऐकून दुःखी होतो आहे, हे मला कळेना. तुमचं सगळं वाचलं. तुम्ही इतक्या मनापासून लिहिता आहात म्हणून विचारायचं धाडस करतो. या ओरडण्यात काय आहे? आणि मी त्याच्याशी काय बोलू?

---

खाडीपलीकडची

काका, नमस्कार. तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. माझ्या बाबांनी कधी विचारलं नाही, नुसतं "बंद कर ते" एवढंच.

आधी थोडं मागचं सांगते. ही चाल वॉशिंग्टनहून आली. तिथे 1980 च्या दशकात हार्डकोअर पंक म्हणून संगीत होतं, फार वेगवान, रागीट, आणि शोमध्ये मारामाऱ्या व्हायला लागल्या होत्या. 1985 च्या सुमारास तिथल्याच काही पोरांनी ठरवलं की हा राग नुसता बाहेरच्यांवर काढायचा नाही, आत काय चाललंय तेही म्हणायचं. राइट्स ऑफ स्प्रिंग नावाचा बँड त्यातला महत्त्वाचा. त्यातलाच गायक पुढे फुगाझीत गेला. तिथून ही परंपरा थर्सडेपर्यंत येते. म्हणजे याची सुरुवातच मुळी हिंसा नको म्हणणाऱ्या मुलांनी केली आहे.

ओरडण्याबद्दल मला वाटतं ते सांगते. मी दुःखी असते तेव्हा हे ऐकून जास्त दुःखी होत नाही, उलट आवाज बाहेर कोणीतरी काढल्यावर माझ्या छातीतला ताण कमी होतो. तुमच्या मुलाचंही तसंच असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही, मी त्याला ओळखत नाही. जेवतो का, झोपतो का, मित्रांत जातो का, ते तुम्हीच बघा, आणि त्यात फरक दिसला तर गाण्यावर न थांबता नीट बोला, गरज वाटली तर डॉक्टरांशीही. पण नुसतं हे संगीत ऐकतो म्हणून काळजी करू नका. एवढे शब्द असलेलं, विचार असलेलं संगीत अकरावीत शोधून काढलंय त्याने.

बोलायचं काय म्हणाल तर काहीच नका बोलू, त्याला सांगा, तुला आवडतं ते एक गाणं मला ऐकव. आणि आधी स्वतः ऐकायचं असेल तर 'धिस साँग ब्रॉट टू यू बाय अ फॉलिंग बॉम्ब' ऐका. पियानो आणि आवाज, ओरडणं नाही.

---

पखवाजी (कुडाळ)

मास्तर, नाट्यगीत आयकणाऱ्याक ह्या कळाक वेळ लागाचो नाय. तुमच्याकडे सुद्धा तान घेताना गळो फाटासर गातत. फक्त आधी आवाज बारीक ठेवा, आणि ओरडण्याकडे लक्ष न देता ताल धरा. ताल सापडलो की बाकीचा आपोआप लागता.

---

कातळसडा

सर, तुम्ही या धाग्यावर आलात याचा खरंच आनंद झाला. ताईंनी सगळं नीट सांगितलंय, एवढंच जोडतो की मुलाने 'नो डेवोल्युसिऑन' ऐकलाय का विचारा. नसेल तर तुम्ही दोघं एकत्र ऐका, त्यात ओरडणं नावालाच आहे, दोघांना सुरुवात करायला तो बरा पडेल.

---

चिपळूणचा_तो

सर, यांचं ऐकू नका, हा प्रत्येकाला तोच अल्बम देतो. मुलगा ज्या वयात आहे त्या वयाचा अल्बम 'फुल कोलॅप्स'. पण ताईंनी सांगितलं ते गाणं आधी ऐका हे बरोबर.

आणि ज्यांना गायकाचं लिखाण आवडतं त्यांनी 2002 चं 'फाइव्ह स्टोरीज फॉलिंग' इपी (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) पण सोडू नका, त्यावर लाइव्ह गाणी आणि एकच नवीन, 'जेट ब्लॅक न्यू इयर'. ते एक गाणं दोन अल्बमांच्या मधला पूल आहे, 'फुल कोलॅप्स'चा आकांत आणि 'वॉर'चा आवाका दोन्ही त्यात आहे.

---

तुतारीचा_प्रवासी

2024 ला आलेली नवीन गाणी कोणी ऐकली का? 'ॲप्लिकेशन फॉर रिलीज फ्रॉम द ड्रीम', 13 वर्षांनी पहिलं नवीन गाणं. मला ते 'नो डेवोल्युसिऑन'च्या पुढचं पाऊल वाटलं, पसरट, मोठं, आणि तरी शेवटी ड्रम खच्चून.

---

कातळसडा

ऐकलं, आणि कबूल करतो डोळ्यात पाणी आलं. पण पुढचं पाऊल वगैरे इतक्यात नको म्हणूया. सुट्या गाण्यावर हा बँड मला कधीच पूर्ण कळत नाही. अल्बम येऊ दे, मग भांडू.

---

खाडीपलीकडची

मला त्या गाण्यात 'वॉर'चा सूर जास्त दिसला. रिकलीचा आवाज वयाने जाड झालाय, पण शब्द फेकायची ती घाई तीच. आणि त्याला आता चांगलं गाता येतं हे कोणी लपवून ठेवलेलं नाही, हे ऐकून फार बरं वाटलं.

---

निवृत्त_मास्तर (गुहागर)

बाळांनो, तुम्ही सांगितलेलं पियानोचं गाणं ऐकलं. इंग्रजी मला वाचता येतं, ऐकताना शब्द सुटतात, म्हणून ओळी समोर ठेवून ऐकलं. लिहिणारा मुलगा वाचणारा आहे हे लगेच कळतं.

मग चिरंजीवांना म्हटलं, एक ऐकव. तो आधी माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने विचारलं, छोटं की मोठं? मी म्हटलं तुला आवडेल ते. त्याने मोठं लावलं, पखवाजी भाऊंनी लिहिलेलं 'ऑटम लीव्ज रिव्हिजिटेड'. मला सुरुवातीचा संथ भाग आवडला, नंतरचा गोंधळ झेपला नाही, तसं त्याला सांगितलंही. त्यावर तो अर्धा तास मला समजावत होता की तो गोंधळ का पाहिजे. इतकं सलग तो माझ्याशी दहावीच्या निकालानंतर बोलला नव्हता.

त्याला हा धागा दाखवला आहे. त्याचं म्हणणं, 'अ सिटी' चाच नंबर पहिला, आणि पखवाजी काकांना सांगा की सिम्बल कानाला लागत असतील तर हेडफोन बदला, मिक्स बरोबर आहे. खातं उघडून स्वतःच लिहीन म्हणतोय, परीक्षा झाल्यावर.

---

पखवाजी (कुडाळ)

हेडफोनाचो काय संबंध! येव दे तेका, परीक्षा झाली की लिवक सांगा. मी वाट बघतंय.